घंटेवरचं साल

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्या जवळ छोट्या दगडी बांधकामात एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे लूट म्हणून घेऊन आले आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, आणि मेणवलीची ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे.

त्या घंटेपुढे उभी राहून मी अकरा फोटो काढले आणि घरी येऊन लिहिलं, की नानांनी ती ओतवून घेतली. नानांचा जन्म १७४२ चा. म्हणजे घंटा त्यांच्याहून पस्तीस वर्षांनी मोठी.

लेख एका दिवाळी अंकात आला. भाऊबीज होते न होते तोच एका वाचकाचं पत्र आलं. रागाचा शब्द नव्हता, फक्त दोन सालं लिहिली होती, एकाखाली एक. मी फोन काढला, फोटो मोठा करून पाहिला. आकडे त्यात स्वच्छ दिसत होते. मासिकात चूक झाली तर पुढच्या महिन्यात दुरुस्ती छापता येते. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो आणि वाचनालयांतून वर्षभर फिरतो. माझी चूकही तशीच फिरली. मराठी विश्वकोशाचं काम ज्या वाईत झालं, तिच्या वेशीवरची वस्तू मी धड वाचली नाही, याची टोचणी मला आजही आहे.

हे घडलं प्रवासवर्णनाच्या कार्यशाळेनंतर. कार्यशाळा रीतसर होती, फी भरली होती, शेवटी प्रमाणपत्रही मिळालं. दोन दिवस एका सभागृहात चाळीस जणांनी भाषणं ऐकली. सुरुवात आकर्षक कशी करावी, शेवट हृद्य कसा करावा, निसर्गाचं वर्णन कसं खुलवावं, हे सगळं आम्ही वहीत उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी बसनं वाई. मेणवलीला अर्धा तास मिळाला, त्यातही गटाचा फोटो झाला. तिथल्या एकाही माणसाशी मी बोलले नाही. माहिती परतल्यावर इंटरनेटवरून घेतली आणि तिच्यावर ‘नयनरम्य’ आणि ‘मंत्रमुग्ध’ची पखरण केली. आयोजकांना मी दोष देत नाही. चूक माझी आहे, पण ती चूक पकडायची कशी, हे त्या तीन दिवसांत कुणीच शिकवलं नाही.

पुढच्या वर्षी मी आणखी एका कार्यशाळेला गेले. शिकवणारे एक निवृत्त पत्रकार होते, शिकणारे आम्ही आठ जण. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला एसटी स्टँडवर पाठवलं. एक तास बसायचं, एकही विशेषण लिहायचं नाही आणि फोटो काढायचा नाही. फलाटावर कोणत्या गावाची पाटी लागली, कंट्रोलरनं काय पुकारलं, शेजारच्या बाईच्या पिशवीत काय होतं, चहा कितीला मिळाला, एवढंच टिपायचं. दुपारी प्रत्येकानं आपलं लिखाण वाचून दाखवलं आणि सर प्रत्येक वाक्याला थांबवत राहिले. ‘हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत? कुणाकडून? त्याला कसं माहीत?’ माझ्या दोन पानांतून सात ओळी उरल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या सात ओळी खऱ्या होत्या.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवणं किती महत्त्वाचं, हे मराठीतल्या जुन्या प्रवासवर्णनावरूनच कळतं. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिलं ते सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि चिं. वि. वैद्यांनी ते छापलं १९०७ साली. झाशीच्या वेढ्यात भटजी स्वतः शहरात होते. त्या पानांवर तोफांच्या माऱ्याखालची झाशी दिसते, म्हणून इतिहासकारही तिकडे वळतात. दुसरीकडच्या घडामोडी त्यांनी ऐकून लिहिल्या आहेत, तिथं मात्र अभ्यासक जपून पाऊल टाकतात. पुस्तक एक, लेखक एक, पण भरवसा सगळीकडे सारखा नाही.

पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक १८८९ चं. त्याच्या नावातच ‘लोकस्थिती’ आधी येते आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. तिथलं राज्य कसं चालतं, घरं कशी असतात, शाळा कशा आहेत, स्त्रियांची स्थिती काय, याचा त्यांनी शोध घेतला. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ लिहिलं. वारीच्या भक्तीत त्या रमल्या, पण दिंडीत जातवार जेवणं वेगळी होतात हेही त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. माझ्या मते मराठीत प्रवासावर लिहू पाहणाऱ्यानं हा एक लेख आधी वाचावा, मग बाकीचं. भारावलेला माणूसही डोळे उघडे ठेवू शकतो, हे त्यात दिसतं.

नवशिक्यांपैकी बरेच जण ‘अपूर्वाई’ वाचून लिहायला बसतात. मीही बसले होते. पु. लं.चा विनोद उचलायला सोपा वाटतो, पण त्यामागचं संगीताचं, नाटकाचं आणि माणसांचं ज्ञान उचलता येत नाही. त्यापेक्षा आपल्याला जे मुळात कळतं, ते घेऊन गावात शिरावं. शेती कळत असेल तर बांधावर उभं राहावं, शिवण कळत असेल तर शिंप्याच्या दुकानात बसावं.

आता मी वही रोज रात्री, झोपण्याआधी भरते. ऐकलेल्या मजकुरापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहिते, पाटीवरचा किंवा शिलालेखावरचा मजकूर अक्षरन् अक्षर उतरवते. लेख पूर्ण झाला की त्यातल्या प्रत्येक सालाखाली आणि नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारते. हे कुठून आलं, याचं उत्तर मिळालं तरच रेघ खोडते. नाही मिळालं तर वाक्य काढून टाकते. यात दोन-तीन दिवस जातात. आणखी एक: सहल पर्यटन कंपनीच्या पैशानं झाली असेल, तर ते लेखात सांगायलाच हवं. वाचक त्या लेखाच्या भरवशावर स्वतःचे पैसे खर्च करणार असतो.

दोन वर्षांनी मी मेणवलीला परत गेले, एकटी, सकाळच्या वेळी. घंटेवरचं साल वहीत उतरवून घेतलं. घाटावर धुणं धूत असलेल्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘वसईची हाय ती, समद्यांना ठावं हाय.’ पहिल्या वेळीही कुणीतरी असंच तिथं असणार. मी विचारलं नव्हतं.

तुम्ही अशा कार्यशाळेत नाव घालणार असाल, तर पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: सभागृहाबाहेर किती तास मिळतील, एका शिक्षकामागे किती जण असतील आणि तुमचा लेख ओळ न ओळ वाचून कोण परत देईल. उत्तरं गुळमुळीत आली, तर ते पैसे ठेवा आणि एसटीनं वाईला जा.