जखमी पंजा आणि घरातलं लेकरू

आईबाबांनो, घरातला कुत्रा पाय उचलून लंगडत आला की त्याच्याकडे सगळ्यात आधी धावतं ते आपलं मूल. आणि आपण आधी ओरडतो तेही त्याच्यावरच, "हात लावू नकोस!" त्या ओरडण्यामागची काळजी खरी असते. पण तेवढ्यावरच थांबलो, तर मुलाच्या मनात उरते ती फक्त भीती. पुढचे आठ-पंधरा दिवस त्या पंजाची उस्तवार करायची असते. कळवळा सगळ्यांनाच येतो; रोज ठरल्या वेळी पट्टी बदलायला मात्र चिकाटी लागते. त्या कामात मुलाला त्याच्या वयाला झेपेल तेवढा वाटा द्या, हेच मला आज तुम्हाला मनापासून सांगायचं आहे.

आपल्या वसई-विरारमध्ये कुत्र्याचा पाय कापायला निमित्त कमी नाही. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर वाळूत फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात, तुटक्या जाळ्यात अडकलेला गळ असतो, खडकाळ जागी कालवांच्या शिंपांची धार असते. नालासोपारा-विरारकडे नव्या इमारतींच्या आसपास लाद्यांचे तुकडे आणि खिळे पडलेले असतात. जुलैत रस्त्यावर पाणी तुंबलं की यातलं काहीच दिसत नाही. शिवाय त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं, आणि लेप्टोचे जंतू जखमेतून माणसाच्या अंगात शिरतात तसे कुत्र्याच्याही शिरतात. म्हणून फिरून आल्यावर पंजे धुवायचे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, हा नेम पावसाळाभर पाळा. लेप्टोची लस दिली आहे का, तेही त्याच्या लसीच्या कार्डावर पाहून घ्या.

पाय कापलाच, तर मुलाला पहिली गोष्ट समजावून सांगा: दुखावलेला कुत्रा कितीही लाडका असला तरी चावू शकतो. त्याची माया आटलेली नसते. दुखऱ्या जागी हात लागला की तोंड आपोआप वळतं. त्यामुळे पंजा धरायचा तो मोठ्या माणसानेच. कुत्रा फारच अस्वस्थ असेल तर बँडेजच्या पट्टीचा सैल फास त्याच्या नाकाडावरून घ्या, टोकं हनुवटीखाली फिरवून कानांमागे बांधा आणि काम झालं की लगेच सोडा. पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा असेल, त्याला धाप लागली असेल किंवा उलट्या होत असतील, तर तोंड मुळीच बांधू नका.

आता पंजा उजेडात धरा. तळव्याची मोठी गादी, बोटांच्या चार छोट्या गाद्या, नखांची मुळं, बोटांमधले केस बाजूला सारून तिथली कातडी, सगळं नीट बघा. सतत चाटून ओला झालेला केसांचा झुपका दिसला, तर बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. गादीला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे लहानशी चीरही लादीभर रक्त करते. घाबरू नका. स्वच्छ गॉज जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटं सलग दाबा. थांबलं का म्हणून मधेच उचलून पाहिलंत, तर धरलेली गुठळी निघून येते.

रक्त थांबलं की कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा. अर्धा लिटर उकळलेल्या पाण्याला चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरतं. पोविडोन आयोडीन लावायचं तर फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल नको. त्याने आग होते आणि नवी कातडी धरायला वेळ लागतो. हळद किंवा कॉफीची पूड भरली की आतली घाण आतच राहते. गादी कोरडी करून बोटांमध्ये थोडा कापूस, जखमेवर न चिकटणारं गॉज आणि वरून बँडेज बांधा. मधल्या दोन बोटांची टोकं उघडी राहू द्या. ती सुजली किंवा गार पडली, तर पट्टी आवळली आहे असं समजा आणि लगेच सैल करा. पट्टी रोज बदला, भिजली तर त्याच क्षणी. बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी चढवा, घरात आल्यावर काढून टाका.

या सगळ्यात मुलाने काय करायचं? सहा-सात वर्षांच्या मुलाने टॉर्च धरावा, कुत्र्याशी हळू आवाजात बोलत राहावं. दहा-बारा वर्षांच्या मुलीने घड्याळाकडे बघून दाबलेल्या मिनिटांचा हिशेब ठेवावा, गॉज कापून द्यावं, वहीत रोज लिहावं: सूज किती, वास येतो का, पाय टेकतो का. डॉक्टरांना त्या वहीचा खरोखर उपयोग होतो. काम संपल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. मुलाच्या हातावर खरचटलं असेल, तर त्या दिवशी त्याने फक्त वही सांभाळावी.

एका बाबतीत मात्र ताकीद हवीच. घरातली क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम कुत्र्याला द्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही. माणसाला उतार देणारी ही औषधं त्याच्या यकृताला, मूत्रपिंडांना, पोटाला घातक ठरतात.

दाबूनही दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबलं नाही, काच किंवा गळ आत रुतलेला आहे, नख मुळापासून तुटलं आहे, पू किंवा दुर्गंधी आहे, दुसऱ्या दिवशीही पाय टेकवत नाही, अशा वेळी घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे न्या. रुतलेली वस्तू स्वतः उपटू नका. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दिवसा-दोन दिवसांत अळ्या पडतात. त्यावर फिनेल किंवा टर्पेंटाइन ओतू नका. मोठं काही असेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आपलं जुनं बैलघोडा हॉस्पिटल, आहेच.

इमारतीखालच्या भटक्या कुत्र्याचा पाय कापलेला दिसला, तर मुलाने धावत घरी येऊन मोठ्यांना सांगायचं, हात लावायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात, त्यांतली 40 टक्के 15 वर्षांखालची मुलं असतात. दात लागला, रक्त येईल असं नख लागलं किंवा खरचटलेल्या जागी कुत्र्याने चाटलं, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. लस पहिल्या दिवसापासून सुरू करून सगळे डोस पुरे करायचे. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज उरत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

पण कुत्रा चावला हे आपल्याला कळणार ते मुलाने सांगितलं तरच. ओरडा बसेल या धाकाने मुलं दात लागल्याचं लपवतात, आणि तिथेच घात होतो. आपल्यासोबत बसून पट्टी बांधलेल्या मुलाला नियम ठाऊक असतो आणि आपल्यावर भरवसाही असतो. म्हणून आज जेवायला बसाल तेव्हा त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, "कुत्रा चावला, ओरबाडलं, काहीही झालं तरी लगेच येऊन सांग. मी रागावणार नाही." आणि दिलेला शब्द पाळा.