घरबसल्या कामाचे आमिष कसे ओळखावे

गाणगापुरात गुरुवारची आणि पौर्णिमेची गर्दी ओसरली की पुष्कळ घरांतील मिळकतही ओसरते. फुले-नारळ विकून, खोल्या देऊन, यात्रेकरूंना जेवू घालून ज्यांचा प्रपंच चालतो, त्या घरातील गृहिणीला मधल्या रिकाम्या दिवसांत घरी बसून चार पैसे मिळवावे असे वाटले तर त्यात वावगे काहीच नाही. तिच्या या रास्त इच्छेवर टपून बसलेल्या एका लबाडीचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

जाहिरात बहुधा मोबाइलवर येते. घरी बसून पेन्सिली डब्यांत भरा, दरमहा तीस हजार रुपये, पैकी पंधरा हजार आगाऊ. सोबत कोणाच्या तरी ओसरीवर पसरलेल्या पेन्सिलींचे छायाचित्र. नटराज पेन्सिलीचे नाव यासाठी इतके वापरले गेले, की ती बनविणाऱ्या हिंदुस्तान पेन्सिल्स कंपनीला, आम्ही असे काम कोणालाही घरी देत नाही, असे जाहीर करावे लागले. वास्तविक थोडा हिशेब केला तरी पुरे. काही रुपयांची पेन्सिल कारखान्यातून गाणगापूरला धाडावयाची, येथे ती डबीत भरावयाची आणि पुन्हा माघारी न्यावयाची, यात भाडेच मालाला गिळून टाकील. जे काम कारखान्यातील यंत्र क्षणात उरकते, त्यासाठी कोणता व्यापारी महिना तीस हजार मोजील?

पण हिशेब करण्यास उसंतच दिली जात नाही. प्रथम नावनोंदणीचे म्हणून पाच-सहाशे रुपये मागतात. रक्कम मुद्दाम लहान असते, म्हणजे घरात कोणाला विचारण्याची गरज वाटू नये. लगोलग नाव व फोटो असलेले ओळखपत्र फोनवर येते आणि बाईला नोकरी लागल्यासारखे वाटते. मग, 'ताई, गाडी तुमच्या गावाजवळ आली आहे, मालाचे भाडे भरा'. नंतर कर, नंतर अनामत. दर वेळी ही रक्कम शेवटची आणि पहिल्या पगारात परत मिळणारी! कोणी थांबलीच, तर करार मोडला म्हणून वकिलाच्या नावाने धमकी. माल मात्र येत नाही.

आता खरे घरकाम कसे चालते ते पाहावे. त्यासाठी सोलापूरपर्यंत जाणे पुरेसे आहे. तेथे हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. पाने आणि तंबाखू कारखाना देतो, वळलेल्या विड्या मोजून घेतो आणि हजारी दराने मजुरी देतो. त्या धंद्यातही पाने कमी देणे, विड्या उगाच नाकारणे अशा तक्रारी आहेतच. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांच्या तंट्यासाठी तरतूद करावी लागली, ती यामुळेच. तथापि काम मिळावे म्हणून बाईने अगोदर अनोळखी माणसाला पैसे भरावे, अशी त्याची रीत नाही. दिवसभर मान मोडून काम करणाऱ्या त्या विडी-कामगार स्त्रीच्या हाती महिन्याला तीस हजार पडत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे.

मुंबईत गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. तेथेही भगिनी मळलेले पीठ घरी नेतात, दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात व लाटणावळ घेतात. पापड लाटण्यास घर योग्य आहे की नाही, हेही पाहिले जाते. ठकाला तुमच्या घराशी कर्तव्य नसते. त्याला फोन आणि बँकखाते पुरते. खऱ्या कामात पैसा काम देणाऱ्याकडून करणाऱ्याकडे येतो. तो उलट वाहू लागला की तेथेच थांबावे.

याच लबाडीचा एक मोठा प्रकार यंत्रांचा आहे. वाती किंवा उदबत्त्या करण्याचे यंत्र आमच्याकडून घ्या, तयार माल आम्हीच घेऊ, असे वचन असते. आपल्या क्षेत्री वातीला गिऱ्हाईक दिसते, म्हणून हे अधिकच खरे वाटते. 2022 साली हैदराबादेत अशाच वातींच्या यंत्रांच्या व्यवहारात शेकडो लोक लाखांनी फसल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. अमेरिकेतील जाहिरातींतही ही युक्ती जुनी आहे. तेथे घरी जोडून पाठविलेला माल 'दर्जाचा नाही' म्हणून नाकारतात आणि साहित्याचे पैसे खिशात टाकतात. यंत्र घ्यावयाचेच असेल, तर विकणाऱ्याखेरीज दुसरा कोणी तो माल घेईल काय, हे आधी अफझलपूर-कलबुर्गीच्या बाजारात स्वतः विचारून यावे.

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प राहू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेलाही सांगावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची आशा अधिक. संदेश पुसून टाकू नयेत, व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवावा. पैसे मिळण्यासाठी आपला गुप्त पिन कधीच द्यावा लागत नाही. आणखी एक, काही दिवसांनी गेलेली रक्कम मिळवून देतो म्हणणारा कोणी सद्गृहस्थ फोन करील व थोडे शुल्क मागेल. तो बहुधा त्याच टोळीतला असतो.