पहिला मोड्यूल बदलण्याआधी

जुलै २०२४. कसारा घाट चढताना गाडीच्या डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला, तेव्हा मागच्या सीटवर आई होती. मुंबईत तिची तपासणी करून आम्ही नाशिकला परतत होतो. गाडीचा जोर गेला, मागचा पंखा घोंघावू लागला आणि मी गाडी कडेला घेतली. धो धो पावसात टोइंगच्या ट्रकची वाट बघत बसलो. हे टाळता आलं असतं, कारण तो त्रिकोण तिसऱ्यांदा पेटत होता.

गाडी २०१४ची, पेट्रोल हायब्रिड. तेव्हा असल्या गाड्या रस्त्यावर विरळाच. होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि टोयोटा प्रियस २०१० मध्ये भारतात आली, पण दोन्ही थोड्याच विकल्या गेल्या. त्यामुळे हायब्रिडची बॅटरी स्वतः उघडून पाहिलेला मेकॅनिक शोधायचा म्हटलं तरी चार ठिकाणी विचारावं लागे.

पहिल्यांदा त्रिकोण पेटला तो एप्रिल २०२३ मध्ये. गॅरेजवाला म्हणाला, "काका, पूर्ण बॅटरी कशाला? दोन मोड्यूल गेलेत, तेवढेच बदलू." २८,००० रुपये दिले. दहा महिन्यांत पुन्हा तेच, आणखी तीन मोड्यूल, ३१,००० रुपये. दोन्ही वेळा वाटलं, लाखोंचा खर्च वाचला.

चूक कुठे होती ते नंतर कळलं. ही बॅटरी म्हणजे एक अखंड डबा नसतो. जुन्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत १.२ व्होल्टचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्टचा एक मोड्यूल होतो आणि असे मोड्यूल साखळीसारखे एकामागे एक जोडलेले असतात. त्या प्रियसमध्ये २८ मोड्यूल होते, म्हणजे २०१.६ व्होल्ट. साखळीची ताकद सगळ्यात कमजोर मोड्यूल ठरवतो. सगळे एकाच वयाचे आणि एकाच उन्हाळ्यात तापलेले असल्यामुळे दोन मेले की बाकीचेही त्याच वाटेवर असतात. त्यांत दुसऱ्या जुन्या बॅटरीतून काढलेले दोन बसवले, तर त्यांची क्षमता इतरांशी जुळत नाही. मोड्यूल बदलणं सरसकट चूक नाही. बॅटरी कमी वयाची असेल आणि एकच मोड्यूल सदोष निघाला, तर ते ठीक आहे. नऊ-दहा वर्षांच्या बॅटरीत मात्र ते पैसे फार दिवस पुरत नाहीत.

आणि मुळात बॅटरी तापली का, हे दोन्ही वेळा कोणी पाहिलं नाही. मीही विचारलं नाही. मागच्या सीटशेजारी एक साधी जाळी असते. तिथून हवा आत ओढून पंखा बॅटरी थंड करतो. माझ्या मेहुण्यांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचे क्रेट मी मागच्या सीटवर ठेवून आणायचो, अगदी त्या जाळीला चिकटून. घाटातल्या प्रसंगानंतर अंबडच्या एका तरुण मेकॅनिकने पंखा काढून दाखवला. पात्यांवर धुळीचा थर बसला होता. नवीन बॅटरी टाकून हा पंखा तसाच ठेवला असता, तर तीही लवकर गेली असती.

त्या मुलाने एकही नट खोलण्याआधी स्कॅनर लावला आणि गाडी त्र्यंबक रोडला नेली. मोड्यूलच्या प्रत्येक गटाचा व्होल्टेज त्याने आधी गाडी उभी असताना आणि मग जोर पडताना कागदावर लिहिला. उभ्या गाडीत आकडे जवळपास सारखे होते, जोर दिल्यावर पाच गट धपकन खाली आले. खरी परीक्षा हीच. ती न करता बॅटरी गेली किंवा वाचली असं कोणी सांगितलं, तर त्यावर पैसे देऊ नका. १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि मोड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवरचा गंजही आधी तपासून घ्या. कधीकधी बिघाड तिथेच असतो. बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना मात्र नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला हात लावू देऊ नका. तो व्होल्टेज जीव घेऊ शकतो.

त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येऊन गेला. म्हणाला, पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच, आत्ताच देऊन टाका. हे महाराष्ट्रात खरं नाही. वयावरून सरसकट बंदी घालण्याचा वाद दिल्ली परिसरातला आहे. आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षांनी पेठ रोडच्या आरटीओत तपासून घेतली, नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि पर्यावरण कर भरला की पुढची पाच वर्षं नोंदणी मिळते. अशा धाकाने गाडी फुंकून टाकू नका.

मग आम्ही घरी बसून हिशेब मांडला. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणं. १६ चं ॲव्हरेज १२ वर आलं, तर ५० लिटरऐवजी ६७ लिटर पेट्रोल लागेल. त्या १७ लिटरांतून नवी बॅटरी कधी वसूल व्हायची? पण हा प्रश्नच चुकीचा होता. घाटात आईला घेऊन निर्धास्त जाता येईल अशी दुसरी गाडी आणायला किती लागतील, हा खरा प्रश्न. इंजिन, इन्व्हर्टर, पत्रा, एसी सगळं तपासून घेतलं. ते धड निघालं, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण नवी बॅटरी टाकली, लेखी वॉरंटीसह. त्याच वेळी हेही ठरवलं की इन्व्हर्टर गेला, तर या गाडीवर पुढे रुपया घालायचा नाही. असा पूर्ण हिशेब पहिल्याच दुरुस्तीच्या दिवशी मांडायला हवा होता. ५९,००० रुपये वाचले असते.

आज हा निर्णय घेणाऱ्याने आणखी एक पाहावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. मोठ्या हायब्रिडवर तो ४० टक्के आहे, पूर्वी सेससह ४३ होता. फिरणं कमी आणि गाडीचं बाकीचं अंगही थकलेलं असेल, तर लहान पेट्रोल गाडी घेणं शहाणपणाचं ठरेल. फिरणं जास्त आणि गाडी धड असेल, तर पूर्ण दुरुस्ती करा. अर्धवट दुरुस्ती दोघांनाही परवडत नाही.

आता द्राक्षांचे क्रेट डिकीत जातात आणि मागची जाळी मी दर महिन्याला स्वतः साफ करतो. तुमच्या गाडीत त्रिकोण पेटला, तर पहिला मोड्यूल बदलण्याआधी त्या आकड्यांचा कागद हातात घ्या आणि पंखा उघडायला लावा.