बुटाचे चामडे आणि व्यवहारातील अमानत



गेल्या पावसाळ्यात असरच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी थांबला. निकाहसाठी घेतलेले काळे बूट त्याने पिशवीतून काढून दाखविले. दुसऱ्याच पावसात बोटांजवळची चकाकी पापुद्र्यासारखी सुटली होती. आत मात्र ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का ठळक होता. “मौलाना, हा शिक्का खोटा समजायचा का?” त्याने विचारले. उत्तरासाठी चामड्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

कातड्याच्या वरच्या थरातील तंतूंची वीण घट्ट असते. खाली जावे तशी ती सैल होते. वरचा थर न घासता राखला, तर ते ‘फुल ग्रेन’ चामडे. त्यावर बारीक रंध्रे, क्वचित जनावराच्या जुन्या ओरखड्याची खूणही दिसते. वासराचे असे चामडे नाजूक पोताचे असल्याने औपचारिक बुटांसाठी उत्तम मानले जाते. पृष्ठभाग घासून, वर लेप देऊन कृत्रिम पोत उठविला, की ते ‘करेक्टेड ग्रेन’ होते. खालचा सुटा थर म्हणजे ‘स्प्लिट’. त्याला लव आणली की स्वेड बनते, प्लास्टिकचा लेप चढविला की ते गुळगुळीत दिसते. चामड्याचा चुरा चिकटवून केलेले ‘बॉण्डेड लेदर’ सर्वांत कमी टिकाऊ.

त्या तरुणाच्या बुटात लेपाखाली स्प्लिटचा थर होता. म्हणजे शिक्का खोटा नव्हता, अपुरा होता. चामडे आहे एवढेच तो सांगतो. कोणता थर, हे सांगत नाही.

म्हणून खरेदी करताना बूट हलकेच वाकवून पाहावा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात व बऱ्याच अंशी मिटतात. जाड लेपावर ठसठशीत घडी पडते. सर्वत्र एकसारखी रंध्रे दिसली, तर पोत साच्याने दाबलेला असण्याची शक्यता अधिक. उघडी कड दिसत असल्यास तेथे तंतू आहेत की कापडाचा थर, हेही पाहावे.

आता शरीअतचा प्रश्न. हदीसमध्ये प्रसंग आहे की, एक मेलेली बकरी पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही, असे विचारले. ती मेलेली आहे, असे लोकांनी सांगताच, निषिद्ध आहे ते तिचे खाणे, असा खुलासा त्यांनी केला. कमावल्याने कातडे पाक होते, हा नियम अशा हदीसींवर आधारलेला आहे. मात्र बहुसंख्य फकीहांच्या मते डुकराचे कातडे कमावूनही पाक होत नाही. बुटाच्या अस्तरात ते अनेकदा वापरले जाते. त्यावर रंध्रांचे तीन-तीन ठिपक्यांचे पुंजके दिसतात. घामाने ओला पाय अस्तराला लागतो, म्हणून बाहेरच्या चकाकीइतकीच अस्तराचीही चौकशी करावी.

विक्रेत्या बांधवांसाठीही येथे धडा आहे. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर प्रेषितांच्या (स.) बोटांना ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. लेपाखालचा स्प्लिट ही आजची ओल आहे. स्वस्त बूट विकणे गुन्हा नाही. स्वस्त थर उंची चामड्याच्या नावाने व दराने विकणे ही फसवणूक आहे. असा लपविलेला दोष नंतर उघड झाल्यास माल परत करण्याचा हक्क फिकहने ग्राहकाला दिला आहे.

मी त्या तरुणाला दुकानी जाऊन अदबीने पण स्पष्ट बोलण्यास सांगितले. आपणही पुढच्या खरेदीत एक प्रश्न अवश्य विचारा: “चामडे कोणत्या जनावराचे, आणि कोणत्या थराचे?”

अल्लाह आपल्या व्यवहारांत सचोटी देवो. आमीन.