आधी आईची झोप विचारा

"चार महिने झाले, बाळ अंगच धरत नाही. एखादं टॉनिक लिहून द्या," असं म्हणत आजी बाळाला तपासणीच्या टेबलावर ठेवते. बाळ तपासून, वजनाचा तक्ता भरून झाला की मी आईकडे वळून विचारते, "बाळ झोपलेलं असतं तेव्हा तुम्हाला झोप लागते का?" बहुतेक वेळा उत्तर आजीच देते, "तिला काय झालंय? सगळं हातात मिळतंय." आई खाली बघत असते.

मुलांच्या डॉक्टरला आईच्या झोपेशी काय करायचंय, असं अनेक घरांना वाटतं. त्याचं एक उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात मिळालेलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १७१ बाळांची वजनं आणि लांबी ती दीड-दोन महिन्यांची असताना मोजली, त्याच वेळी आयांच्या मनःस्थितीची प्रश्नावलीने चाचपणी केली आणि सहाव्या महिन्यात बाळांना पुन्हा पाहिलं. हे काम २००३ साली प्रसिद्ध झालं. नैराश्य असलेल्या आयांच्या शंभरातल्या ३० बाळांचं वजन वयाच्या मानाने फारच कमी भरलं. बाकीच्या आयांच्या बाळांत हेच प्रमाण १२ होतं. बौद्धिक विकासाच्या चाचणीतही ती बाळं मागे होती. इतर कारणं हिशेबात धरूनही हा फरक उरला. तेव्हा टॉनिक मी सहसा लिहून देत नाही, झोपेचं मात्र विचारते.

वजन निदान काट्यावर दिसतं. भावनांच्या वाढीला काटा नाही, म्हणून तिच्याकडे फार उशिरा लक्ष जातं.

नवजात बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. भूक, भीती, कंटाळा, पोटातली कळ, सगळं त्याला सारखंच असह्य असतं. मोठं माणूस त्याला उचलतं, थोपटतं, "भूक लागली का माझ्या राजाला?" म्हणतं. असं हजारो वेळा झाल्यावर बाळाच्या मेंदूत दोन गोष्टी पक्क्या होतात: आतल्या खळबळीला नाव असतं, आणि ती ओसरते. पुढे तीन-चार वर्षांचं मूल चावण्याऐवजी "मला राग आलाय" म्हणतं ते या शिदोरीवर. रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत पिकत राहतो. तोवर लगाम बऱ्याच अंशी मोठ्यांच्याच हातात असतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी खेळते, हसते, आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवून नुसती बघत बसते. बाळ आधी हसून पाहतं, हातवारे करतं, चीत्कारतं. मग मान फिरवतं, शेवटी रडतं किंवा स्वतःशीच गप्प होतं. या प्रयोगाच्या चित्रफिती इंटरनेटवर सहज मिळतात. मी त्या पालकांना दाखवत नाही. आधीच खचलेल्या आईला त्या बघवत नाहीत आणि घरच्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

आपल्याकडचं बाळंतपणातलं नैराश्य असं उघड दिसतही नाही. आई बाळाला तेल लावते, न्हाऊ घालते, तीट लावते, वेळेवर पाजते. कामात खोट काढायला जागा नसते. फक्त हे सगळं होत असताना तिच्या तोंडून शब्द निघत नाही, आणि बाळ हसलं तर तिचा चेहरा हलत नाही. महिनोन्‌महिने असं चाललं की काही बाळं किंचाळून किंचाळून मागत राहतात. काही मागणंच सोडून देतात, आणि त्यांचं कौतुक होतं: "फार शहाणं हो, रडतच नाही!" मला या दुसऱ्या बाळांची जास्त काळजी वाटते. तीच मोठी होऊन "गुणाची पोर" होतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी आईचा चेहरा बघते, त्यावरून आज सहलीच्या पैशांचं बोलायचं की नाही ते ठरवते, धाकट्याला गप्प करते आणि स्वतःचं पोट दुखत असलं तरी सांगत नाही. तिला राग येतो का, रडू येतं का, असं विचारलं तर ती म्हणते, "मला काहीच होत नाही."

इथे एक गोष्ट घाईने सांगायला हवी, नाहीतर प्रत्येक आई आज रात्री आरशासमोर हसून बघायला लागेल. ठणठणीत मनाच्या आया आणि त्यांची बाळं यांचे सूरही जेमतेम एकतृतीयांश वेळच जुळलेले असतात, असं ट्रॉनिक यांच्याच पुढच्या कामात दिसलं. बाकी वेळ चुकामूक. मूल त्यातून शिकतं ते चुकामूक झाल्यावर आई पुन्हा येते म्हणून. अखंड प्रसन्न आई कुणालाच लागत नाही.

आणि दोष आईचा नाही. गोव्यातल्याच त्या गटाचा २००२ सालचा अभ्यास २७० आयांचा होता. प्रसूतीनंतर दीड-दोन महिन्यांनी त्यातल्या २३ टक्के नैराश्यात होत्या. भारतभरच्या ३८ अभ्यासांची २०१७ साली एकत्र मोजदाद झाली तेव्हाही आकडा २२ टक्क्यांच्या आसपास आला, म्हणजे दर पाच बाळंतिणींत एक. गोव्यात कारणं शोधली तर निघाली ती गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी जन्मणं. मुलगी झाली म्हणून घरात पडलेल्या तोंडांचा हिशोब शेवटी त्या मुलीच्याच वाढीत निघतो. नैराश्यातल्या या आयांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणी गरोदरपणापासूनच मनाने खचलेल्या होत्या. डोहाळजेवणाच्या फोटोंत ते दिसत नाही. सातव्या महिन्याच्या तपासणीत रक्तदाब घेतात तसं मनाचंही विचारलं, तर बाळ जन्माला येईपर्यंत थांबावं लागणार नाही.

आता माराकडे वळते. नैराश्य आणि मार बऱ्याचदा एकाच छपराखाली सापडतात. नैराश्य म्हणजे नुसतं रडू नव्हे. चिडचिड हेही त्याचं मोठं लक्षण आहे. नैराश्यातल्या बहुसंख्य आया मुलांना मारत नाहीत, पण ज्या मारतात त्यांच्यातल्या कित्येकींना आधी स्वतःलाच मार बसत असतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून अहवाल काढला. महाराष्ट्र त्यात होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाणाऱ्यांना मारणारे बहुतांशी आईवडीलच होते. "आम्ही नाही का मार खाऊन मोठे झालो?" हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकू येतं. झालात, खरं आहे. पण स्टेथोस्कोप लावायला मी हात पुढे केला की काही मुलांचा कोपर चटकन चेहऱ्यावर जातो. त्यांना ओरडलेलं नसतं, सुई दाखवलेली नसते. फक्त मोठ्या माणसाचा हात वर आलेला असतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले सेथ पोलॅक यांनी अशा मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली. आधी धूसर, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारी. मार खाल्लेल्या मुलांना रागीट चेहरा इतर मुलांपेक्षा कितीतरी आधी, चित्र अजून धूसर असतानाच ओळखू आला. घरात तो त्यांचा बचाव असतो. बाबांच्या चपलांच्या आवाजावरून संध्याकाळ कशी जाणार ते त्यांना कळतं. शाळेत मात्र तोच बचाव अंगाशी येतो. मित्राचा धक्का चुकून लागला तरी तो मुद्दाम दिला असं वाटतं, बाईंचा दमलेला चेहरा रागावलेला दिसतो, आणि हे मूल पहिला ठोसा मारून मोकळं होतं. मग शाळेतून चिठ्ठी येते आणि घरी पुन्हा मार. दुर्लक्षात वाढलेल्या मुलांचं उलट आढळलं: त्यांना चेहऱ्यांवरच्या वेगवेगळ्या भावनांतला फरकच नीट लागेना. कुणी त्यांच्याकडे पुरेसं पाहिलंच नव्हतं.

शरीरात काय होतं, तेही थोडक्यात. धोका दिसला की कॉर्टिसॉल वाढतं, हृदय धडधडतं, पचन मंदावतं. धोका गेला की सगळं उतरतं. ज्या घरात धोका कधी येईल याचा नेम नसतो, तिथे ही यंत्रणा पुरती उतरतच नाही किंवा पुढे थकून बोथट होते. झोप तुटते, पोट दुखतं, अंथरुण ओलं होणं थांबलेलं पुन्हा सुरू होतं, धडा डोक्यात राहत नाही. सॅन डिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांना लहानपणाबद्दल विचारून १९९८ साली दाखवलं की, बालपणातल्या आघातांचे प्रकार जितके अधिक, तितकं पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचंही प्रमाण अधिक. त्यावरून केलेली "तुमचा स्कोअर किती" छापाची चाचणी मोबाइलवर फिरते. ती भरून रात्रभर जागू नका. असे आकडे लोकसमूहाबद्दल सांगतात, एका माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही.

मार म्हणजे फक्त हात नव्हे. "तुला उकिरड्यावरून उचलून आणलाय," "तुझ्यामुळेच आईला बरं नाही," बाथरूममध्ये कोंडणं, आणि आपल्या सुशिक्षित घरांचा लाडका प्रकार, दोन-दोन दिवसांचा अबोला. चार वर्षांच्या मुलाला अबोल्याचं कारण कळत नाही; आपण नकोसे आहोत एवढंच कळतं.

तर करायचं काय?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, मन हळवं होणं पुष्कळजणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यापुढेही उदासी, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, "मी नसते तर बरं" असे विचार राहिले तर उपचार हवेत. बाळंतवात, बाहेरची बाधा, नाटकं, यातलं काहीही नाव देऊन वेळ घालवू नका. डॉक्टर दहा प्रश्नांची एक सोपी चाचणी करतात, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासतात. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी नैराश्याची औषधं आहेत. घरच्यांच्या सांगण्यावरून ती मध्येच बंद करू नयेत. बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, बाळाबद्दल भलत्याच शंका घेऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

औषधाइतकीच माणसं लागतात. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतीफ रहमान यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना घरी जाऊन आयांशी कसं बोलायचं ते शिकवलं. २००८ साली आलेल्या निष्कर्षांत, सहा महिन्यांनी या गटातल्या २३ टक्के आया नैराश्यात राहिल्या होत्या. नुसत्या भेटी झालेल्या गटात ५३ टक्के. बाळांच्या वजन-उंचीत ठळक फरक पडला नाही, पण जुलाब कमी झाले, लसी पूर्ण झाल्या आणि आईवडील दोघंही बाळाशी जास्त खेळू लागले. तीच पद्धत पुढे गोव्यात आली तेव्हा हे काम शेजारपाजारच्या सामान्य बायकांनी केलं. त्यांना सखी म्हणत. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी आशाताई येतातच. त्या आल्या की सासूबाईंनी पाच मिनिटं स्वयंपाकघरात जावं, एवढी माझी विनंती आहे.

नवऱ्यासाठी वेगळी सूचना. रात्रीची एक पाळी तुमची. दूध काढून ठेवता येतं, लंगोट बदलायला आईच लागते असं नाही. सलग चार-पाच तासांची झोप मिळालेली आई दुसऱ्या दिवशी बाळाशी बोलते.

हात उगारला गेलाच, तर दोघंही शांत झाल्यावर मुलाजवळ बसा आणि सरळ सांगा, "मी मारलं ते चुकलं. मला राग आवरला नाही. तुझा दोष नव्हता." पुढे "पण तू असं केलंस म्हणून" हे जोडू नका. आजारी आईच्या मुलाला त्याच्या वयाचं कळेल असं सांगा: आईला मनाचा आजार झालाय, ती डॉक्टरांकडे जाते, तुझ्यामुळे झालेलं नाही. हे न सांगितलेली मुलं कारण स्वतःतच शोधतात.

मूल आता दहा वर्षांचं झालं, उशीर झाला का, असं विचारणाऱ्यांसाठी मर्ना वाइसमन यांचं २००६ सालचं काम सांगते. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या १५१ आया आणि त्यांची ७ ते १७ वयाची मुलं त्यांनी पाहिली. तीन महिन्यांत ज्या आया पूर्ण बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांतले मानसिक आजार घटले; ज्यांचं नैराश्य टिकलं त्यांच्या मुलांत वाढले. गोळी आईने घेतली आणि उतार मुलाला पडला, असं मी घरच्यांना सांगते, कारण सुनेच्या उपचारांसाठी नाही तरी नातवासाठी पैसे लगेच निघतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण काम होतं.

मनाच्या आजारासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. मुलाला मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असल्याची शंका आली तर १०९८. खात्री होईपर्यंत थांबू नका. आईलाच मार बसत असेल तर १८१ किंवा ११२. फोन घरातल्या कुणीही लावला तरी चालतो.