कृमी आणि कर्करोग

जंतांची गोळी देण्याच्या दिवशी वर्गातील एका मुलाने आम्हांस विचारले, “पोटातील कृमींमुळे कर्करोग होतो काय?” काही मुले हसली, काही भ्याली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रथम एका चुकीची हकीकत सांगतो. कोपनहेगन येथील योहानेस फिबिगर या शास्त्रज्ञास उंदरांच्या जठरात गाठी आढळल्या आणि त्यांत कृमीही आढळले. हे कृमी झुरळांच्या द्वारे उंदरांच्या पोटात जात. कृमींमुळेच कर्करोग होतो, असा निष्कर्ष त्यांनी १९१३ साली मांडला व १९२६ सालचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. पुढे इतरांनी प्रयोग केले, तेव्हा आहारातील ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव हे त्या गाठींचे मुख्य कारण असून गाठी खऱ्या कर्करोगाच्या नव्हत्या, असे दिसून आले. थोरांच्या शब्दासही कसोटी चुकत नाही ती अशी!

परंतु एक दाखला खोटा ठरला म्हणून मूळ शंका खोटी ठरत नाही. १८५१ साली कैरो येथे थिओडोर बिलहार्झ या जर्मन वैद्याने प्रेताच्या रक्तवाहिन्यांत एक चपटा कृमी शोधून काढला. याची पिल्ले गोड्या पाण्यातील गोगलगायींत वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतात. कृमीची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात व लघवीवाटे रक्त जाऊ लागते. नाईलच्या कालव्यांत राबणाऱ्या शेतकऱ्यांचा हा जुनाच शत्रू. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींतही त्याची अंडी सापडली आहेत. याच लोकांत मूत्राशयाचा कर्करोग फार, हे १९११ साली कैरोतच नमूद झाले.

दुसरा दाखला ईशान्य थायलंडचा. तेथे नदीतळ्यांतील कच्चे मासे आवडीने खातात. त्यांतून यकृतकृमी पोटात जाऊन पित्तनलिकांत वर्षानुवर्षे ठाण मांडतो, आणि तेथेच पुढे कर्करोग उद्भवतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे दोन्ही कृमी मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून जाहीर केले.

हे घडते कसे? कृमी स्वतः कर्करोग नव्हे. त्याच्यामुळे एकाच जागी दीर्घकाळ दाह होतो. पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या घाईने निर्माण होतात. या घाईत चुका होतात, आणि चुकलेली एखादी पेशी बेबंद वाढू लागते. यास बहुधा अनेक वर्षे लागतात; शिवाय कृमी झालेल्या प्रत्येकास कर्करोग होतो असेही नाही.

आमच्याकडील मुलांच्या पोटात सामान्यतः आढळणारे जंत या दोहोंपैकी नव्हेत, आणि त्यांनी कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. पालकांनी भयभीत होऊ नये. मात्र ते मुलांचे रक्त व अन्न हिरावून घेतात, हे काय थोडे झाले?

इजिप्तच्या कृमीवर आज गुणकारी औषध आहे, आणि त्याच्या प्रसारास आळा बसल्यावर तेथे त्या जातीचा कर्करोगही कमी झाला. थायलंडातही औषध मिळते. परंतु गोळी घेऊन पुन्हा कच्चा मासा खाल्ला तर कृमी पुन्हा येतो. औषध एकदा घ्यावयाचे, सवय मात्र नित्य पाळावयाची. शौचकूप, स्वच्छ हात आणि नीट शिजविलेले अन्न ही साधने साधी खरी. पण रोगाचे दार ती आधीच बंद करतात.