हसू आणणाऱ्या चुका आणि घात करणाऱ्या चुका

साकोलीत अर्ज, शपथपत्रं आणि बायोडाटा टाइप करून देणं हा माझा धंदा. सेंदूरवाफ्यापासून लाखांदुरापर्यंतची माणसं येतात. बहुतेकांची पहिली मागणी एकच असते : "भाऊ, इंग्रजीतच लिवून द्या ना, सायबाले बरं वाटते." साहेबाला बरं वाटतं की नाही ते ठाऊक नाही, पण इंग्रजीतल्या एका अक्षरापायी किंवा एका स्वल्पविरामापायी लोकांची कामं अडलेली मी पाहिली आहेत. आणि ज्या चुकांची लोकांना सर्वांत जास्त लाज वाटते, त्यांच्यामुळे सहसा काहीच अडत नाही, हेही पाहिलं आहे.

म्हणून आधी चुकांची प्रतवारी करू.

'आय ॲम टीचर' लिहिलं आणि मधला 'अ' राहिला, तरी तुम्ही शिक्षक आहात हे वाचणाऱ्याला कळतं. मराठीत असं उपपद नाही, म्हणून ते आपल्या हातून सुटतं. 'विषयी चर्चा' डोक्यात असते म्हणून आपण 'डिस्कस अबाउट' लिहितो. तिथे 'अबाउट' नको. 'जरी-तरी'ची जोडी तोंडात बसलेली, म्हणून 'ऑल्दो'नंतर 'बट' येतो. दोहोंपैकी एकच पुरे. 'आज सकाळी'चं 'टुडे मॉर्निंग' होतं. हवं 'धिस मॉर्निंग'. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे वार, महिने आणि गावांची नावं लहान अक्षरानं सुरू होतात. या चुका सुधारायलाच हव्यात, पण त्यांनी अर्थ बदलत नाही. वाचणारा फार तर हसेल.

घात करणाऱ्या चुका वेगळ्या. त्यांत वाक्य दिसायला ठाकठीक असतं, पण सांगतं भलतंच.

आमच्याकडच्या एका मुलाला नागपूरच्या कंपनीनं विचारलं, एक तारखेपासून रुजू होता का? त्याला लिहायचं होतं, 'आय ॲम नाऊ एबल टू जॉइन'. मोबाइलवर घाईत 'नाऊ'चं 'नॉट' झालं. फरक शेवटच्या एका अक्षराचा, पण होकाराचा नकार झाला. कंपनीनं यादीतल्या पुढच्याला बोलावलं. स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्रणेनं तांबडी रेघ ओढली नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच. 'ॲक्सेप्ट' आणि 'एक्सेप्ट' यांचंही तसंच. पहिल्याचा अर्थ स्वीकारणं, दुसऱ्याचा वगळणं. नोकरी स्वीकारतो असं कळवताना दुसरा लिहिलात, तर मोबाइल गप्प राहण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा फटका काळाचा. एक जण एका दुकानात तीन वर्षांपासून कामाला होता, आजही आहे. बायोडाट्यात त्यानं लिहिलं, 'आय वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स'. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "काम का सोडलं?" साधा भूतकाळ वापरला की गोष्ट संपली असा अर्थ होतो. काम चालू असेल तर 'आय हॅव वर्क्ड' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग' हवं. मराठीतलं 'पासून' दोन्हीकडे चालतं, इंग्रजीत त्याच्या दोन वाटा होतात : सुरुवात सांगायची तर 'सिन्स 2021', मुदत सांगायची तर 'फॉर थ्री इयर्स'. याच्या उलट, 'मी 2018 मध्ये बीए केलं आहे' म्हणून 'आय हॅव कम्प्लीटेड' लिहू नका. संपलेल्या गोष्टीचं साल दिलं की 'हॅव' गळतं, नुसतं 'आय कम्प्लीटेड' राहतं.

तिसरा फटका स्वल्पविरामाचा. मुलगी परदेशी शिकायला निघाली, वडिलांनी खर्चाच्या हमीचं पत्र लिहिलं : 'माय सन हू वर्क्स इन पुणे विल पे द फीज'. स्वल्पविराम एकही नाही. अशा वाक्यातून निघतं की मुलगे अनेक, त्यांतला पुण्याचा फी भरेल. फॉर्मवर मुलगा एकच दाखवलेला. खुलासा मागणारं पत्र आलं आणि ऐन घाईत दिवस वाया गेले. 'सन'नंतर एक आणि 'पुणे'नंतर एक स्वल्पविराम दिला असता, तर एकुलता मुलगा, जो पुण्यात असतो, एवढाच अर्थ राहिला असता. वारसांच्या शपथपत्रात तर हे दोन स्वल्पविराम फार जपून द्यावेत.

यावर कुणी हसलं तर मी अमेरिकेतल्या मेन राज्याची गोष्ट सांगतो. तिथल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा केला. कोणत्या कामांना जादा वेतन लागू नाही, याच्या कायद्यातल्या यादीत शेवटच्या 'ऑर'आधी स्वल्पविराम नव्हता, त्यामुळे मालाची वाहतूक त्या यादीत मोडते की नाही याबद्दल संदिग्धता राहिली. 2017 साली अपील न्यायालयानं निकाल चालकांच्या बाजूनं दिला आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली.

चौथा फटका तारखेचा. 05/06 म्हणजे आपल्यासाठी पाच जून, अमेरिकेत सहा मे. बाहेरच्या देशात जाणाऱ्या कागदावर महिना अक्षरांतच लिहा. रकमेचंही तेच. हजारानंतर आपला स्वल्पविराम दर दोन अंकांनी पडतो, त्यांचा दर तीन अंकांनी. म्हणून रक्कम अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही प्रकारे द्या.

आता धंद्याला मारक, पण खरा सल्ला : इंग्रजीची गरज आहे का, हे आधी बघा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे, राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. तहसीलदाराकडचा अर्ज मराठीत चालतो. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातही इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत अर्ज करण्याची सोय स्पष्ट लिहिली आहे. सातबाऱ्यावरची तक्रार मोडक्या इंग्रजीत मांडून स्वतःचीच बाजू कशाला लंगडी करायची?

जिथे इंग्रजी लागतंच, तिथे वाक्यं लहान करा. मराठीत 'आणि', 'म्हणून', 'तर' लावत वाक्य धानाच्या बांधासारखं लांबवर नेता येतं. इंग्रजीत तसं केलं की कर्ता कुठला आणि क्रियापद कुणाचं, याचा पत्ता लागत नाही. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा आणि पूर्णविराम द्या.

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधीच्या आम्ही सगळ्यांनी पाचवीत एबीसीडी गिरवली. त्यामुळे आमच्या पिढीला व्याकरणाची धास्ती आहे, तर नव्या पिढीला मोबाइलवर नको तेवढा भरवसा. दोघांनाही मी एकच तपासणी सांगतो. लिहून झालं की कागद दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. घरात कॉलेजात जाणारी पुतणी असेल, शेजारी मास्तर असतील. "चूक काढा" म्हणू नका, "यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा" म्हणा, आणि आधी स्वतः काही समजावू नका. त्यांनी सांगितलेलं आणि तुमच्या मनातलं जुळलं, तर एखादा 'अ' राहिला तरी कागद खुशाल पाठवा. नाही जुळलं, तर इंग्रजी कितीही झकास दिसो, पाठवू नका.